ईश्वरविज्ञानाचा अभ्यास कशासाठीं?

(पाठापूर्वीं वाचावयाचे शास्त्रभाग : ईयोब ४२:७–९, प्रेषितांचीं कृत्यें १८:२४–२८, इब्री ५:११–१४.)



ईश्वरविज्ञान हा शब्द कानीं पडतांच आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत पुष्कळांस असें वाटतें कीं, हें कांहीं आपलें काम नव्हे. तें पाळकांचें; ज्यांनीं सेमिनरींत वर्षें काढिलीं त्यांचें; ज्यांच्या घरीं पुस्तकांचीं कपाटें आहेत त्यांचें. आपण शेतकरी, आपण मजूर. आपल्याला दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना आणि चार गीतें येतात, तेवढें पुरे. कित्येक तर ह्याहीपुढें जाऊन म्हणतात कीं, प्रभूनें आपले शिष्य कोळ्यांतून निवडिले, शास्त्र्यांतून निवडिले नाहींत. तारण विश्वासानें होतें, विद्येनें होत नाहीं. मग हा खटाटोप कशाला?

ह्या बोलण्यांत सत्याचा अंश आहे, आणि तो आम्ही प्रथमच मान्य करितों. वधस्तंभावर प्रभूच्या शेजारीं टांगलेल्या चोराला एकही धडा पाठ येत नव्हता, तरी प्रभूनें त्याचा स्वीकार केला. ज्यांना अक्षरओळखही नाहीं अशा कित्येक म्हाताऱ्या मातांची प्रार्थना ऐकली म्हणजे शिकलेल्यांनीं मान खालीं घालावी अशी ती असते. विद्येनें स्वर्गाचें दार उघडत नाहीं, हें खरें. परंतु कोळी पेत्र हा कोळीच राहिला काय? तो प्रभूच्या मागें गांवोगांव फिरला, पायांशीं बसला, चुकला, प्रश्न विचारीत गेला, दटावला गेला आणि शिकला. त्याच पेत्रानें पुढें असें लिहिलें कीं, तुमच्या आशेचें कारण जो कोणी विचारील त्याला उत्तर देण्यास नेहमीं सिद्ध असा, मात्र तें उत्तर सौम्यतेनें द्या (१ पेत्र ३:१५). हें पत्र त्यानें कोणा विद्यालयाला लिहिलें नव्हतें. निरनिराळ्या प्रांतांत पांगलेल्या साध्या विश्वासणाऱ्यांस तें लिहिलें होतें. त्यांत दास होते, त्यांत अविश्वासी नवऱ्याच्या घरीं नांदणाऱ्या स्त्रिया होत्या. त्या सर्वांनीं उत्तर द्यावयास शिकावें अशी प्रेषिताची अपेक्षा होती. म्हणून ह्या पाठांत आपण हा अभ्यास कशासाठीं करावयाचा, ह्याचाच विचार करूं.

ईश्वरविज्ञान म्हणजे काय?

हा शब्द जड आहे, वस्तु जड नाहीं. देवाविषयीं त्याच्या वचनावरून नीट विचार करणें, आणि मग यथार्थ बोलणें, हेंच ईश्वरविज्ञान होय. ह्या अर्थानें पाहिलें तर प्रत्येक मनुष्याजवळ कांहीं ना कांहीं ईश्वरविज्ञान असतेंच. आजाऱ्याच्या उशाशीं बसून जो म्हणतो, "देवाची मर्जी," तो ईश्वरविज्ञानच सांगतो. पाऊस वेळेवर पडला म्हणजे जो म्हणतो, "देव आपल्यावर प्रसन्न आहे," तोही तेंच सांगतो. आणि पाऊस लांबला म्हणजे जो म्हणतो, "देवानें आपल्याला टाकिलें," त्याचेंही तें एक ईश्वरविज्ञानच. तेव्हां तें आपल्याजवळ असावें कीं नसावें, असा प्रश्नच उरत नाहीं. आपल्याजवळ जें आहे तें पाखडलेलें आहे कीं नाहीं, एवढाच प्रश्न आहे.

मळणी झाली म्हणजे खळ्यांतील रास कोणी तशीच नेऊन कणगींत ओतीत नाहीं. ती वाऱ्यावर उफणितात, सुपांत घालून पाखडितात, खडे वेंचून काढितात, मग धान्य घरांत नेतात. देवाविषयींचे आपले विचारही असेच चार ठिकाणांहून एका राशींत येऊन पडलेले असतात. कांहीं आजीच्या तोंडून आलेले, कांहीं बाजारांत ऐकलेले, कांहीं भजनांतून मनांत बसलेले, कांहीं जुन्या भयांतून उरलेले, आणि कांहीं शास्त्रांतून आलेले. बाप्तिस्मा घेतला म्हणजे ही रास आपोआप निवडली जात नाहीं. ती पवित्र शास्त्राच्या सुपांत घालून पाखडावी लागते. आणि हें पाखडणें म्हणजेच अभ्यास.

१. दुःखिताजवळ देवाविषयीं यथार्थ बोलतां यावें म्हणून

ईयोबाची गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्याचीं गुरेंढोरें गेलीं, चाकर मारले गेले, घर कोसळून दहा मुलें एकाच दिवशीं मेलीं, आणि पुढें त्याच्या अंगावर टाळूपासून तळव्यापर्यंत गळवें उठलीं. त्याचे तीन मित्र त्याचें सांत्वन करावयास आले. सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ भुईवर बसून राहिले, आणि कोणीं एक शब्दही काढिला नाहीं (ईयोब २:१३). त्यांनीं जें जें केलें त्यांत हेंच सर्वांत उत्तम होतें असें आम्हांस वाटतें. पुढें त्यांनीं तोंड उघडलें, आणि बिघाड झाला तो तेथून.

त्यांच्या भाषणांत देवाची निंदा कोठेंही नाहीं. देव न्यायी आहे, देव सर्वसमर्थ आहे, मनुष्य पापी आहे, पश्चात्ताप केला पाहिजे, अशींच त्यांचीं वाक्यें आहेत. एकेक वाक्य सुटें काढिलें तर तें उपासनेच्या वेळीं सांगतां येईल. परंतु हीं वाक्यें एकत्र गुंफून त्यांनीं जो निष्कर्ष काढिला तो असा : तुझ्यावर एवढें मोठें संकट आलें, त्या अर्थीं तूं तेवढेंच मोठें पाप लपवून ठेविलें असलें पाहिजे. शेवटीं देव बोलला तेव्हां त्याचा कोप कोणावर झाला? जो ओरडला, ज्यानें वाद घातला, ज्यानें आपल्या जन्मदिवसालाही शाप दिला, त्या ईयोबावर नव्हे. कोप झाला तो ह्या तीन धार्मिक पुरुषांवर. कारण ईयोबाप्रमाणें ते देवाविषयीं यथार्थ बोलले नव्हते (४२:७). त्यांना सात बैल व सात एडके होमार्पणासाठीं आणावे लागले, आणि ज्याला त्यांनीं दोषी ठरविलें होतें त्यानेंच त्यांच्यासाठीं प्रार्थना केली.

बंधूंनो, येथें क्षणभर थांबा. धार्मिक शब्दांनीं देवाविषयीं खोटें बोलतां येतें. आणि तें दुःखिताच्या तोंडावर बोललें गेलें म्हणजे देवाला तें सहन होत नाहीं. उपदेशकानें व वडिलानें भ्यावें अशी ही गोष्ट आहे.

आतां ईयोबाच्या देशांतून आपल्या गांवांत या. एका घरीं तापानें दोन दिवसांत मूल दगावलें आहे. आई दाराशीं बसलेली आहे. शेजारची एक बाई हळूच म्हणते, "मागल्या जन्मींचें कांहीं असेल." दुसरी म्हणते, "तुम्हीं कुळदैवत सोडलें, त्याचा हा कोप." हे बोल आपण ऐकतों आणि मनांत म्हणतों, ह्या बिचाऱ्यांना शास्त्र ठाऊक नाहीं. इतक्यांत मंडळींतील एक जण येतो आणि म्हणतो, "बाई, तुमचा विश्वास कमी पडला." किंवा, "घरांत कांहीं लपलेलें पाप असेल, तें कबूल करा." आतां सांगा, त्या दोघींच्या बोलण्यांत आणि ह्या गृहस्थाच्या बोलण्यांत भेद काय राहिला? नांव बदललें, हिशेब तोच राहिला. ज्या हिशेबाच्या ओझ्याखालून ख्रिस्तानें त्या आईला सोडविलें, तोच हिशेब ख्रिस्ताचें नांव घालून पुन्हां तिच्या पदरीं बांधला गेला.

हा मनुष्य दुष्ट नसतो. पुष्कळदां तो मंडळींतील उत्साही, नियमित प्रार्थना करणारा असतो. त्याला दया नाहीं असेंही नव्हे. त्यानें अभ्यास केला नाहीं, एवढेंच. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनीं विचारलें कीं, पाप कोणाचें, ह्याचें कीं ह्याच्या आईबापांचें? तेव्हां प्रभूनें दोन्हीं गोष्टी नाकारिल्या (योहान ९:३). शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसें दडपून मेलीं, त्यांच्याविषयींही प्रभु म्हणाला कीं, तीं इतर यरुशलेमकरांहून अधिक अपराधी होतीं असें समजूं नका. मात्र तुम्ही सर्वच पश्चात्ताप करा (लूक १३:४, ५). प्रभूनें पापाला हलकें केलें नाहीं. परंतु मेलेल्याच्या दारांत उभें राहून त्याच्या पापाचें माप काढण्याचा अधिकार त्यानें कोणासही दिला नाहीं.

मग त्या आईजवळ आपण काय बोलावें? प्रथम कांहींच बोलूं नये. तिच्याजवळ भुईवर बसावें. लाजराला आपण आतांच उठविणार हें ठाऊक असूनही प्रभु त्याच्या कबरेजवळ रडला. नंतर तिनें विचारलें तर स्पष्ट सांगावें कीं, हें तुझ्या पापाचें फळ आहे असें देवाच्या वचनांत लिहिलेलें नाहीं. देवाला हें दुःख परकें नाहीं. त्याच्या स्वतःच्या पुत्राला लोकांनीं वधस्तंभावर मारिलें. ज्यानें बालकांस उचलून कवटाळिलें त्याच्याच हातीं आपण तुझें बालक सोंपविलें आहे, आणि तो मेलेल्यांस उठविणारा आहे. हें असें कां झालें म्हणून ती विचारील, तर, "तें आम्हांस कळत नाहीं," असें म्हणावयास लाजूं नये. जेथें शास्त्र गप्प आहे तेथें गप्प राहणें हाही ईश्वरविज्ञानाचाच एक भाग आहे.

आणखी एक गोष्ट. घरांतील दुसऱ्या मुलाला ताप आला, तर त्याला त्याच दिवशीं दवाखान्यांत नेण्यास त्या आईबापांस सांगावें, आणि जमल्यास आपण स्वतः बरोबर जावें. औषध घेणें म्हणजे अविश्वास, अशी कल्पना कित्येक घरांत शिरली आहे. ज्या लूकानें आपल्यासाठीं शुभवर्तमान लिहिलें त्यालाच पौल प्रिय वैद्य म्हणतो (कलस्सै ४:१४). प्रार्थना व औषध हीं एकमेकांचीं वैरी नाहींत. दोन्हीं एकाच देवाच्या हातचीं दानें आहेत. हें नीट न शिकल्यामुळें वांचूं शकणारें मूल जाऊं शकतें. ईश्वरविज्ञान कशासाठीं, असें विचारणाऱ्यांस एवढें एकच उत्तर पुरे झालें असतें.

२. खरें शिक्षण व खोटें शिक्षण ओळखतां यावें म्हणून

बिरुया येथील लोकांची शास्त्रांत मोठी प्रशंसा केली आहे. कां? पौलासारखा प्रेषित त्यांच्याकडे आला, तरी तो सांगतो तें तसेंच आहे कीं नाहीं, हें ते दररोज शास्त्र शोधून पाहत असत (प्रे. कृ. १७:११). त्यांनीं पौलाचा अपमान केला असें कोणीं म्हटलें नाहीं; उलट त्यांस थोर मनाचे म्हटलें. मग आपल्या गांवीं येणारा उपदेशक पौलाहून मोठा आहे काय, कीं त्याचें बोलणें ताडून पाहूं नये?

ह्याचें एक उदाहरण मंडळीच्या इतिहासांतून देतों. चौथ्या शतकाच्या आरंभीं मिसर देशांतील आलेक्सांद्रिया शहरीं आरियस नांवाचा एक मंडळीसेवक होता. तो शिकवूं लागला कीं, पुत्र हा सर्व सृष्टीहून थोर असला तरी तो देवानें निर्माण केलेलाच आहे, आणि त्याच्या असण्याला आरंभ आहे. हें शिक्षण ऐकावयास सोपें होतें. शिवाय आरियसानें तें पद्यांत घातलें. खलाशी, जात्यावर काम करणारे आणि वाटसरू ह्यांनीं म्हणावीं अशीं गीतें त्यानें रचिलीं होतीं, असें जुने इतिहासकार सांगतात. अशा रीतीनें विद्वानांचा वाद बंदरांत आणि बाजारांत जाऊन पोंहोंचला. इ. स. ३२५ सालीं निकिया येथें पुष्कळ मंडळ्यांचे अध्यक्ष एकत्र जमले, आणि पुत्र हा पित्याशीं एकतत्त्व असलेला खरा देव आहे असा त्यांनीं निर्णय दिला. तरीही वाद मिटला नाहीं. अथनासियस, जो ३२८ सालीं आलेक्सांद्रियाचा अध्यक्ष झाला, तो ह्या सत्यासाठीं पांच वेळां हद्दपार झाला. त्याच्या आयुष्याचीं सुमारें सतरा वर्षें परागंदा स्थितींत गेलीं.

एका शब्दासाठीं एवढें कशाला सोसावें, असें कोणी म्हणेल. परंतु तो शब्द त्या दाराशीं बसलेल्या आईचा आहे. वधस्तंभावर जो मेला तो जर केवळ एक निर्माण केलेला थोर सेवक असेल, तर देवानें दुसऱ्या कोणाला दुःखांत पाठविलें आणि आपण घरींच राहिला, असा अर्थ होईल. मग, "देवाला तुझें दुःख परकें नाहीं," हें वाक्य आपण कोणत्या तोंडानें बोलावें? आणि जो स्वतः दुसऱ्याचा देणेकरी आहे तो आपलें कर्ज कोठून फेडील? निर्माण केलेल्या प्रत्येकाचें आयुष्यच मुळीं देवाचें देणें आहे. आपल्याला सोडवावयास जो आला तो देवच होता, म्हणूनच आपली सुटका खरी आहे. अथनासियस पंडितांच्या मानासाठीं भांडला नाहीं; आपल्यासारख्या लोकांच्या तारणासाठीं भांडला.

ह्या इतिहासांतून आपल्याला दोन गोष्टी घ्यावयाच्या आहेत. पहिली ही कीं, शिक्षण गीतांतून पसरतें. आपल्या मंडळ्यांना भजनाची मोठी आवड आहे, आणि ती देवाची देणगी आहे. टाळमृदंगाच्या नादांत जें तोंडीं बसतें तें उपदेशापेक्षां खोल जातें. म्हणून नवें भजन शिकवितांना उपदेशकानें त्याचा अर्थ आधीं सांगावा, आणि तो शास्त्राशीं जुळतो कीं नाहीं हें पाहावें. चाल गोड आहे, एवढें पुरे नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, खोटें शिक्षण बहुधा ओळखीच्याच शब्दांत येतें. एखादा फिरता उपदेशक गांवीं येतो, येशूचें नांव मोठ्यानें घेतो, आणि सांगतो कीं इतकें दान द्या म्हणजे रोग जाईल, कर्ज फिटेल, मुलाला नोकरी लागेल. रोग गेला तर कीर्ति त्याची. न गेला तर दोष तुमच्या विश्वासाचा. अशा वेळीं तीन गोष्टी विचाराव्या. हा ख्रिस्ताच्या वधस्तंभाविषयीं बोलतो, कीं केवळ लाभाविषयीं? हा देवाची कृपा फुकट आहे असें सांगतो, कीं तिला किंमत लावितो? आणि हा दुःखिताला उभें करितो, कीं त्याच्यावर आणखी एक ओझें ठेवितो? हे तीन प्रश्न ज्या मंडळीला विचारतां येतात, तिला लुबाडणें कठीण जाईल.

मात्र इतर धर्मांच्या आपल्या शेजाऱ्यांशीं बोलतांना हेंच ज्ञान काठीसारखें वापरूं नये. पेत्रानें उत्तर द्यावयास सांगितलें, तेथेंच सौम्यताही सांगितली. शेजाऱ्याला हरविण्याकरितां शिकलेलें ईश्वरविज्ञान शेजाऱ्याला तर मिळवीत नाहींच, उलट शिकणाऱ्यालाही बिघडवितें.

३. घरोघर शिकविणारे तयार व्हावेत म्हणून

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा कर्ता आपल्या वाचकांवर एक दोष ठेवितो. इतका काळ लोटल्यावर तुम्ही शिक्षक व्हावयास पाहिजे होतां, परंतु तुम्हांस अजून दूधच लागतें, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे (५:१२). दूध वाईट नाहीं. तान्ह्याला तेंच पाहिजे. परंतु वीस वर्षांच्या मुलाला आईनें मांडीवर घेऊन दूध पाजलें तर लोक काय म्हणतील? ज्या मंडळींत पाळक महिन्यांतून एकदां येतो तेथें उरलेल्या रविवारीं कोण शिकविणार? मुलांच्या प्रश्नांना कोण उत्तर देणार?

इफिस शहरांत अपुल्लो नांवाचा मोठा वक्ता आला. तो शास्त्रांत प्रवीण होता, परंतु त्याला केवळ योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. त्याची उणीव कोणीं भरून काढिली? तंबू शिवून पोट भरणाऱ्या अक्विला व प्रिस्किल्ला ह्या नवराबायकोनें. त्यांनीं सभेंत त्याची फजीती केली नाहीं, त्याला आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक बरोबर रीतीनें समजावून दिला (प्रे. कृ. १८:२६). हातांत दाभण धरणारीं हीं दोघें एका पंडिताचे गुरु झालीं, आणि त्यांत एक स्त्री होती. आपल्या मंडळ्यांतील भगिनींनीं हें वचन खूण करून ठेवावें.

पंधराशें वर्षांनंतरची अशीच एक गोष्ट आहे. १५२८ सालीं मार्टिन लूथर व त्याचे सोबती जर्मनींतील सॅक्सनी प्रांताच्या मंडळ्या पाहत फिरले. खेड्यांतील लोकांचें अज्ञान पाहून लूथर खिन्न झाला. आणि कित्येक पाळकही शिकविण्यास असमर्थ होते. त्यावर त्यानें केवळ पाळकांसाठीं पुस्तक लिहिलें असें नव्हे. १५२९ सालीं त्यानें एक लहान प्रश्नोत्तरावली काढिली, आणि घरच्या कर्त्यानें आपल्या मुलांमाणसांस ती साध्या रीतीनें शिकवावी अशी योजना केली. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे तिचे मुख्य विषय आहेत; आणि प्रत्येक ठिकाणीं प्रश्न असा कीं, ह्याचा अर्थ काय? जें पाठ येतें त्याचा अर्थ विचारणें, येथूनच अभ्यासाला आरंभ होतो. हें काम कोणत्याही घरीं रात्रीच्या जेवणानंतर होण्याजोगें आहे.

४. ज्ञानाचा शेवट भक्तींत व सेवेंत व्हावा म्हणून

येथवर आम्हीं अभ्यासाची बाजू मांडिली. आतां त्याचें भयही सांगितलें पाहिजे. पौल करिंथकरांस बजावितो कीं, नुसत्या ज्ञानानें मनुष्य फुगतो. मंडळीची इमारत उठते ती प्रीतीनें (१ करिंथ ८:१). शास्त्र पाठ असूनही मन कोरडें राहूं शकतें.

पंडिता रमाबाई ह्यांचें चरित्र ह्या बाबतींत फार उपयोगी आहे. १८५८ सालीं जन्मलेल्या ह्या बाईंना त्यांच्या आईबापांनीं संस्कृत शिकविलें, आणि कलकत्त्याच्या पंडितांनीं त्यांच्या विद्वत्तेचा गौरव केला. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु कोणी सांगतो म्हणून मान्य करावें, हा त्यांचा स्वभाव नव्हता. त्रैक्याविषयीं व इतर मतांविषयीं त्या आपल्या शिक्षिकांशीं पत्रांतून निर्भयपणें वाद करीत राहिल्या. नीळकंठशास्त्री गोऱ्हे, जे १८४८ सालीं ख्रिस्ती झाले होते, त्यांच्या लिखाणाचाही त्यांच्या मनावर मोठा परिणाम झाला होता. तरी पुढें त्यांनींच आपल्या साक्षींत सांगितलें कीं, बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षें आपल्याला ख्रिस्ती धर्म सांपडला होता, पण ख्रिस्त सांपडला नव्हता. १८९१ सालाच्या सुमारास त्यांना तो भेटला.

आतां लक्ष द्या. ख्रिस्त भेटल्यावर रमाबाईंनीं अभ्यास टाकून दिला काय? त्यांनीं तो वाढविला. प्रचारांतील मराठी शास्त्र साध्या स्त्रियांना कठीण जातें असें पाहून त्यांनीं इब्री व ग्रीक भाषा शिकण्याचे श्रम घेतले, आणि संपूर्ण पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. केडगांवच्या मुक्तिसदनांतील स्त्रियांच्या हातांनीं छपाईचें काम झालें. १९२२ सालीं रमाबाई निवर्तल्या, आणि १९२४ सालीं तें शास्त्र प्रसिद्ध झालें. म्हणजे ज्या बुद्धीनें पूर्वीं वाद घातला, तीच बुद्धि पुढें अशिक्षित भगिनींच्या पायांशीं बसली. ईश्वरविज्ञानाचा खरा शेवट हाच. जें ज्ञान गुडघे टेकावयास लावीत नाहीं आणि शेजाऱ्याचें ओझें उचलावयास लावीत नाहीं, तें अजून अर्ध्या वाटेवरच आहे.

अभ्यास कसा करावा?

आतां थोडी व्यावहारिक सूचना. शास्त्राचें एकच पुस्तक घ्यावें. मार्काचें शुभवर्तमान आरंभास उत्तम. दर आठवड्यास एक भाग दोनदां मोठ्यानें वाचावा. ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांना तो आपल्या शब्दांत पुन्हां सांगावयास लावावें. मग तीन प्रश्न विचारावे. ह्या भागांत देव कसा आहे असें दिसतें? मनुष्य कसा आहे असें दिसतें? आणि हें खरें असेल तर ह्या आठवड्यांत आपल्या घरीं, आपल्या शेतांत काय बदललें पाहिजे? एक वचन दुसऱ्या वचनाशीं ताडावें. एकाच वचनावर इमला रचूं नये.

उपदेशकांस आमची विशेष विनंती अशी कीं, शंका विचारणाऱ्याला अविश्वासी म्हणून गप्प बसवूं नका. कूशी षंढ रथांत बसून यशयाचें पुस्तक वाचीत होता, आणि त्यानें सरळ सांगितलें कीं, कोणी समजावून दिल्यावांचून मला कळणार कसें? फिलिप्पानें त्याला दोष दिला नाहीं, तो त्याच्याजवळ जाऊन बसला (प्रे. कृ. ८:३१). ज्या शंकेला मंडळींत जागा मिळत नाहीं ती बाहेर जाऊन भलत्याच ठिकाणीं उत्तर शोधिते. उत्तर ठाऊक नसेल तर, "पाहून सांगतों," असें म्हणावें. आणि पाहून खरोखर सांगावें.

शेवटीं एक लक्षांत ठेवूं. सर्व आयुष्य अभ्यास केला तरी आपलें ज्ञान अपूर्णच राहणार. आरशांत अंधुक दिसावें तसें आपण आतां पाहतों, असें पौलासारखा पुरुष म्हणतो (१ करिंथ १३:१२). म्हणून शिकणाऱ्यानें नम्र असावें. परंतु अपूर्ण म्हणून तें टाकाऊ नव्हे. काळोख्या रात्रीं शेतावरून घरीं येतांना हातांतील कंदील सारा डोंगर उजळीत नाहीं. पुढचें पाऊल कोठें टाकावें एवढें तो दाखवितो, आणि मागून येणाऱ्यालाही त्याचा उपयोग होतो. आपल्या शेजारीं आज कोणी तरी दाराशीं बसलेलें आहे. तिच्याजवळ जाऊन आपण देवाविषयीं जें बोलूं तें यथार्थ असावें, एवढ्यासाठीं तरी, बंधुभगिनींनो, आपण शिकूं या.

विचारासाठीं प्रश्न

१. ईयोबाच्या मित्रांचीं कोणतीं वाक्यें खरीं होतीं? मग देवाचा कोप त्यांच्यावर कां झाला?
२. आपल्या गांवांत दुःखाच्या प्रसंगीं लोक देवाविषयीं काय काय बोलतात? त्यांपैकीं कोणतें बोलणें योहान ९:३ शीं जुळतें, कोणतें जुळत नाहीं?
३. वधस्तंभावर मेलेला ख्रिस्त खरा देव नसता, तर आपल्या सांत्वनांत काय उणें पडलें असतें?
४. आपल्या मंडळींत नेहमीं म्हटलें जाणारें एक भजन घ्या. त्यांत देवाविषयीं काय शिकविलें आहे, तें शास्त्राशीं ताडून पाहा.
५. अक्विला व प्रिस्किल्ला ह्यांनीं अपुल्लोची चूक कशा रीतीनें सुधारली? आपण ती रीत कोठें वापरूं शकतों?